दोन सेमीटोनांची हद्द आणि घरच्या रेकॉर्डिंगमधली मींड

पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही, हे गाणं शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षातच कळतं. १९४० मध्ये नभोवाणीवर पेटीला बंदी आली तेव्हा पुढे केलेल्या कारणांत हे एक ठळक कारण होतं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. घरच्या संगणकावर सूर हळूहळू सरकवण्यासाठी आज जी खटपट करावी लागते, तिची मुळं याच प्रश्नात आहेत, कारण सॉफ्टवेअरच्या तळाशीही पट्ट्यांचा कीबोर्डच बसलेला आहे.

विजेवरची पहिली वाद्यं तशी नव्हती. १९२० च्या सुमारास रशियात आलेलं थेरेमिन हवेत हात हलवून वाजायचं. १९२८ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या ओंद मार्तनोमध्ये बोटातली अंगठी सरकवून सूर सरकायचा. नंतरच्या सिंथेसायझरांनी कीबोर्ड पत्करला आणि सरकणारा सूर डाव्या हाताच्या एका छोट्या चाकावर गेला. १९७० च्या मिनीमूगवर ते चाक आहे. टेपवर काम करणारे फिरण्याचा वेग बदलून सूर चढवायचे, पण वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक वर जायचा आणि गाणं निम्म्या वेळात संपायचं. सूर आणि वेळ यांची ती गाठ १९७५ च्या सुमारास आलेल्या हार्मोनायझर यंत्राने सोडवली.

खरा निर्णय १९८३ चा, मिडी ही वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा ठरली तेव्हाचा. त्यात पिच बेंडसाठी, म्हणजे त्या सूर सरकवणाऱ्या चाकासाठी, १४ बिट राखले, म्हणजे १६,३८४ पायऱ्या आणि मधला बिंदू ८१९२. त्या काळासाठी ही सढळ सोय होती. मोडूलेशन किंवा आवाजाच्या साध्या कंट्रोलरला, म्हणजे क्रमांक दिलेल्या नियंत्रण-संदेशाला, १२८ पायऱ्यांवर भागवावं लागत होतं. पण एक गोष्ट त्या संदेशाबाहेर राहिली. चाक किती फिरलं एवढंच संदेश सांगतो. त्याचे किती सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक) करायचे, हे ऐकणारं यंत्र आपल्या मनाने ठरवतं. सांगायचंच असेल तर वेगळा संदेश पाठवावा लागतो, आणि तो न पाठवल्यास वर दोन, खाली दोन सेमीटोन धरायचे, असा रिवाज पडला. १९९१ च्या जनरल मिडी या सामाईक प्रमाणकाने त्या रिवाजाचा नियम केला.

दोनच का, याचं उत्तर कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या बोटात आहे. चाक पूर्ण फिरवलं की नेमका एक पूर्ण स्वर, मग अंगठ्याला अंदाज राहतो. शिवाय काही जुन्या चाकांतून प्रत्यक्षात १२८ च पायऱ्या निघायच्या. चार सेमीटोनांच्या पट्ट्यात त्या विभागल्या तर एक पायरी ३ सेंटच्या (सेंट म्हणजे सेमीटोनाचा शंभरावा भाग) आसपास येते आणि कानाला कळत नाही. तोच पट्टा वर-खाली एक-एक सप्तकाचा केला, तर एक पायरी जवळजवळ १९ सेंटची होते. एवढ्या अंतराला आपण श्रुतीचा फरक म्हणतो, आणि मींड जिना चढल्यासारखी ऐकू येते. कीबोर्डवाल्यांच्या संगीतासाठी निर्णय रास्त होता, हे मान्य करावंच लागेल. पण सतारीच्या एका पडद्यावरून तार ओढून चार-पाच स्वर घेणाऱ्यांचा विचार त्या टेबलावर झालेला दिसत नाही, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

मी एकदा एका अभंगाच्या सुरुवातीला बासरीची सा ते शुद्ध म अशी मींड काढली होती. माझ्याकडे बेंडची हद्द वर-खाली १२ सेमीटोनांची होती, त्यामुळे म साठी आकडा आला ११,६०५. फाइल एका स्टुडिओत उघडली. तिथल्या प्लगइनची, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्याची, हद्द दोन. आकडा तोच, पण सूर पाऊण सेमीटोनाच्या जरा वर जाऊन थांबला, म्हणजे कोमल रेपर्यंतही पोचला नाही. गायिकेने पहिल्याच ओळीला हेडफोन काढून ठेवले. त्यावर उपाय एकच, हद्द सांगणारा तो वेगळा संदेश: फाइलच्या पहिल्याच मात्रेत कंट्रोलर १०१ आणि १०० ला शून्य द्यायचं, मग ६ ला १२.

दुसरी अडचण अशी, की बेंड संपूर्ण चॅनलला, म्हणजे मिडीच्या एका वाटेवरून जाणाऱ्या सगळ्या सुरांना, लागतो. तंबोरा आणि सतार एकाच चॅनलवर असतील तर मींडेबरोबर तंबोऱ्याचा षड्जही वर ओढला जातो.

शब्दांचाही घोळ आहे. पिच बेंड, पोर्टामेंटो, स्लाइड या सगळ्यांना आपण सरसकट मींड म्हणतो. पोर्टामेंटोत तुम्ही दोन पट्ट्या दाबता आणि मधली वाट यंत्र काढतं. किती वेळात जायचं एवढंच कंट्रोलर ५ वर तुमच्या हाती. बेंडमध्ये पट्टी एकच आणि वाट सगळी तुमची. एफएल स्टुडिओची स्लाइड नोट तिसरीच. ती त्याच सॉफ्टवेअरच्या घरच्या वाद्यांवर चालते, बाहेरच्या प्लगइनवर चालत नाही. मींड यांतली कुठलीच नाही. गळा सा वरून उशिरा सुटतो, मध्ये ग ला हलकेच स्पर्श करतो आणि म जवळ आल्यावर मंदावतो. ऑटोमेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बदलाची रेघ आखतात तिथे, दोन बिंदू ठेवले की सॉफ्टवेअर सरळ रेघ मारतं, आणि सरळ रेघेची मींड रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी वाजते. मी सुटण्यापाशी आणि पोचण्यापाशी एकेक बिंदू वाढवून रेघ वाकवते, तेव्हा कुठे ती गाऊ लागते.

ध्वनिमुद्रित आवाजाची वाट वेगळी गेली. १९९७ मध्ये ऑटोट्यून आलं, पण ते सरकता सूर जवळच्या पायरीवर बसवण्यासाठीच. त्याचा वेग शून्यावर ठेवला तर उत्तम मींडेचे तुकडे पडतात. २००१ च्या मेलोडाइनने प्रत्येक स्वराचा आलेख समोर मांडला, आणि सुरांमधला सांधा हाताने धरता येऊ लागला. २००९ मध्ये क्यूबेस ५ ने तशी सोय रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या आतच दिली. रीपरमध्ये तुकड्यावरच पिचची रेघ काढता येते, एबलटन लाइव्हमध्ये क्लिपच्या ट्रान्स्पोझिशनची. फुकटच्या ऑडॅसिटीत स्लायडिंग स्ट्रेच आहे, पण तिथे सुरुवात आणि शेवट एवढंच सांगता येतं. मधलं वळण तुमच्या हाती नाही.

चॅनलचा प्रश्न सुटायला मात्र फार वर्षं गेली. २०११ मध्ये क्यूबेस ६ ने प्रत्येक नोटेला वेगळा बेंड दिला. २०१८ मध्ये एमपीई हा मिडीचा विस्तार मान्य झाला: प्रत्येक नोटेला स्वतःचं चॅनल आणि हद्द दोनऐवजी ४८ सेमीटोनांची. लाइव्हमध्ये ते २०२१ ला, अकराव्या आवृत्तीत पोचलं. तंबोरा आता जागचा हलत नाही, पण जुनं दुखणं उरलंच आहे. पाठवणाऱ्याकडे ४८ आणि प्लगइनवर २४ असेल, तर सा ते म ची मींड शुद्ध रे आणि कोमल ग यांच्या मधोमध अडकते.

२०२० च्या मिडी २.० मध्ये चाक किती फिरलं हे सांगण्याऐवजी थेट सूरच सांगायची सोय आहे, प्रत्येक नोटेला, सेमीटोनाच्या अपूर्णांकासकट. तिथे हद्दीचा प्रश्नच येत नाही. माझ्या संगणकावरच्या बासरीच्या प्लगइनला ते अजून कळत नाही, म्हणून प्रत्येक नव्या प्रोजेक्टची पहिली मात्रा मी अजूनही १०१, १०० आणि ६ साठी मोकळी ठेवते.