ब्यॅन (आयरिश शब्द)

ब्यॅन : ‘बाई, स्त्री’ या अर्थाचे आयरिश स्त्रीलिंगी नाम. षष्ठी एकवचन आणि प्रथमा अनेकवचन या दोन्हींचे रूप ‘म्ना’. षष्ठी अनेकवचन ‘बन’. आयरिश व्याकरणात नामांचे पाच गण मानतात. हा शब्द त्यांतल्या एकातही बसत नाही, त्यामुळे रूपे पाठच करावी लागतात.

पण ही रूपे लहरी नाहीत. मूळ इंडो-युरोपीय ‘ग्व’ या ध्वनीचा आयरिश ज्यांत मोडते त्या केल्टिक भाषांत ‘ब’ झाला. संस्कृत ‘गो’ तिथे ‘बो’ (गाय), ‘जीव’ तिथे ‘ब्यो’ (जिवंत). तसेच ‘जनि’ म्हणजे ब्यॅन. षष्ठीत मधला स्वर गळून ‘ब्ना’ उरले आणि शेजारच्या ‘न’मुळे ‘ब’चा ‘म’ झाला. फ्रान्समध्ये लार्झाक येथे मिळालेल्या शिशाच्या पत्र्यावर गॉलिश या प्राचीन केल्टिक भाषेत ‘ब्नानोम’ (स्त्रियांचे) असे रूप आहे. ‘ब’ तिथे अजून शाबूत दिसतो. ऋग्वेदातली ‘ग्ना’ (देवस्त्री) ही म्नाची सख्खी बहीणच, आणि ‘ग्नास्पति’ या शब्दात ती जुनी षष्ठी अजून टिकून आहे.

‘अन’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखे) लागताच ‘ब’चा ‘व’ होतो : अन व्यॅन. ‘न’ हे त्याच उपपदाचे दुसरे रूप : ‘न म्ना’ म्हणजे ‘त्या बायका’, आणि ‘त्या बाईचे’सुद्धा. ‘त्याख न म्ना’ (त्या बाईचे घर) यात कोणता अर्थ घ्यायचा ते आधीच्या नामावरून कळते. अनेक बायकांचे घर असेल तर ‘त्याख न मन’. इथे लिहिताना ‘ब’ तसाच ठेवून त्याआधी ‘म’ लिहितात, उच्चार मात्र एकट्या ‘म’चा. १९१४ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘कुमन न मन’ या स्त्री-संघटनेचे नाव नवखे लोक हमखास ‘म्बन’ असे वाचतात.

मोजतानाही चूक होते. वस्तूंचे साधे संख्याशब्द माणसांना चालत नाहीत. ‘बेर्च वन’ (दोघी), ‘त्र्यूर बन’ (तिघी) असे म्हणतात आणि नाम षष्ठी अनेकवचनात घेतात.

‘ब्यॅन शी’ म्हणजे परीलोकातली स्त्री. इंग्रजीतली बॅन्शी यातूनच आली. स्वच्छतागृहांच्या दारांवर ‘म्ना’ आणि ‘फिर’ (पुरुष) असे लिहिलेले असते. एम-एन-ए ही अक्षरे पाहून इंग्रजी वाचणाऱ्या पाहुण्याला ‘मॅन’ आठवतो, ‘फिर’च्या एफवरून ‘फीमेल’, आणि तो नेमका उलट्या दारात शिरतो. आयर्लंडच्या कॉनॅक्ट आणि अल्स्टर या प्रांतांच्या बोलीत ‘म्ना’ हा शब्द ‘म्रा’ असा ऐकू येतो. ‘क्नॉक’ (टेकडी) तिथे ‘क्रॉक’ होतो, तसाच.