बालछळाच्या निदानातील अबोध वांशिक पूर्वग्रह

जखमी मूल तपासताना ती इजा अपघाताने झाली की कोणी मुद्दाम केली, हे ठरवण्याच्या प्रक्रियेत कुटुंबाच्या वंशाचा डॉक्टरच्या मनावर त्याच्याही नकळत होणारा परिणाम म्हणजे बालछळाच्या निदानातील अबोध वांशिक पूर्वग्रह होय. या विषयावरील बरेचसे संशोधन अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाले असून पुढील विवेचन त्याच देशापुरते आहे.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणसमूहाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या पाच वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा संशयाची माहिती शासनाला कळवण्याचे कायदे केले. कळवण्यासाठी पुराव्याची गरज नसते, रास्त संशय पुरतो. पण रास्त म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पूर्वग्रहाला वाव मिळतो तो नेमका येथे.

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या नडगीच्या हाडाला पिळाच्या आकाराची चीर जाणे, हे याचे चांगले उदाहरण आहे. नुकते चालू लागलेले मूल पाय मुडपून पडले तरी हाड असे मोडू शकते, आणि कोणी पाय पिरगाळला तरीही. एक्स-रे दोन्ही वेळा जवळपास सारखाच दिसतो. मग उरते ती पालकांनी सांगितलेली हकिकत आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हा डॉक्टरचा अंदाज. रात्रीच्या गर्दीत, काही मिनिटांत बांधलेल्या या अंदाजात आई गोंधळलेली वाटली की घाबरलेली, वडील उद्धट वाटले की चिंतेत, अशा गोष्टी मिसळतात; आणि त्या कशा वाटतात हे पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून रुजलेल्या प्रतिमांवरही अवलंबून असते.

फिलाडेल्फियातील एका बालरुग्णालयात कवटी किंवा हातापायांच्या लांब हाडांचा अस्थिभंग झालेल्या, तीन वर्षांखालील 388 मुलांच्या नोंदी तपासून 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात वारंवार उद्धृत केला जातो. छळाची शक्यता आणि (आर्थिक स्थितीचा निदर्शक म्हणून) आरोग्यविम्याचा प्रकार हे घटक हिशेबात घेतल्यानंतरही, एक वर्षावरील वांशिक अल्पसंख्याक मुलांच्या संपूर्ण सांगाड्याचे एक्स-रे (छळाच्या लपलेल्या खुणा शोधण्यासाठी) अधिक वेळा काढले गेल्याचे आणि त्यांच्याबाबत बालसंरक्षण यंत्रणेला अधिक वेळा कळवले गेल्याचे त्यात आढळले. ज्यांची इजा अपघातीच होती अशांमध्येही हा फरक तिपटीहून अधिक होता.

पूर्वग्रहाची दुसरी बाजू कमी चर्चिली जाते, पण मुलाच्या जिवाच्या दृष्टीने ती अधिक घातक आहे. छळामुळे डोक्याला इजा झालेल्या 173 मुलांच्या 1999 मधील अभ्यासात 54 जणांचे खरे निदान पहिल्या भेटीत हुकले होते. अगदी लहान, गौरवर्णीय आणि आईवडील एकत्र राहत असलेल्या मुलांबाबत ही चूक जास्त घडली. उलट्या आणि किरकिर पाहून पोटाचा विषाणुसंसर्ग ठरवून बाळाला घरी पाठवले गेले. योग्य निदान व्हायला सरासरी सात दिवस लागले आणि हुकलेल्यांपैकी 15 मुलांना पुन्हा इजा झाली. ज्या घरावर सहज विश्वास बसतो, त्या घरातल्या बाळाला त्या विश्वासाची किंमत मोजावी लागली.

तथापि वंशाचा परिणाम गरिबीपासून वेगळा काढणे अवघड आहे, कारण अमेरिकेत हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. बालरोगतज्ज्ञांना काल्पनिक प्रकरणे देऊन केलेल्या एका प्रयोगात निदानावर वंशाचा परिणाम दिसला नाही, आर्थिक स्थितीचा मात्र दिसला. अबोध पूर्वग्रह मोजण्यासाठी 1998 पासून वापरात असलेल्या साहचर्य चाचणीवरून (मनात कोणत्या दोन कल्पना चटकन जोडल्या जातात, हे प्रतिसादाच्या वेगावरून पाहणारी चाचणी) प्रत्यक्ष वर्तनाचे भाकीत कितपत करता येते, याबद्दलही मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शिवाय आकडेवारीच चक्रात अडकलेली असते: ज्यांची तपासणी अधिक, त्यांच्यात छळ अधिक सापडतो, आणि तोच आकडा पुढच्या वेळी त्यांची तपासणी करण्याचे समर्थन ठरतो. 2017 मधील एका अंदाजानुसार अठराव्या वर्षापर्यंत अमेरिकेतील 37.4 टक्के मुलांच्या, आणि कृष्णवर्णीय मुलांपैकी 53 टक्क्यांच्या, कुटुंबाची बालसंरक्षण यंत्रणेकडून चौकशी झालेली असते. हे आकडे केवळ डॉक्टरांच्या पूर्वग्रहाचे मोजमाप मानता येणार नाहीत. शाळा, पोलीस आणि शेजारीही तक्रारी करतात.

त्वचेचा रंगही निदानात अडथळा आणतो. गडद त्वचेवर वळ आणि काळे-निळे डाग सहज दिसत नाहीत. उलट अशा बालकांच्या पाठीवर व कुल्ल्यांवर जन्मतः असणारे निळसर डाग माराच्या खुणा समजले जाण्याचा धोका असतो.

उपाय म्हणून ठरावीक कार्यपद्धती सुचवली जाते. धड, कान किंवा मानेवर वळ असलेले चार वर्षांखालील मूल आणि कोणताही वळ असलेले चार महिन्यांपर्यंतचे बाळ अधिक बारकाईने तपासावे, हा नियम त्यांपैकीच एक आहे. ओहायो राज्यातील एका बालरुग्णालयाने, कोणाच्या डोळ्यांदेखत न घडलेली डोक्याची इजा असलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाचे सांगाड्याचे एक्स-रे काढण्याचे ठरवल्यावर तपासणीतील वांशिक तफावत नाहीशी झाल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र इजा खरोखर कोणी पाहिली होती का, हे पुन्हा पालकांच्या सांगण्यावरूनच ठरते, आणि ते सांगणे ऐकणारा डॉक्टर तोच असतो.