स्वतःच उंच होणारे धबधबे

धबधबा म्हटला की पाणी खडक झिजवणार, हे ठरलेलंच. कडा तळाकडून पोखरला जातो, वरचा भाग ढासळतो आणि धबधबा मागे सरकतो. नायगराचं हजारो वर्षं हेच चाललंय. क्रोएशियातल्या प्लिटवित्से राष्ट्रीय उद्यानात मात्र उलटा कारभार आहे. इथे पाणी खडक बांधतं.

उद्यान १९४९ सालचं, १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. सोळा तळी एकाखाली एक, सुमारे आठ किलोमीटरच्या पट्ट्यात. वरचं तळं भरलं की बांधावरून खालच्यात कोसळतं. हे बांध माणसाने घातलेले नाहीत. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत येतं. उतारावर ते आपटतं, फेसाळतं, तसा वायू निसटतो आणि मग चुना पाण्यात टिकत नाही.

पण तो बसायला आधार लागतो, आणि तो देतं मॉस. लाकडी पायवाटेवर वाकून बांधाची कड नीट बघा. मॉसचा शेंडा हिरवागार, लुसलुशीत. त्याच काडीचा खालचा भाग करडा आणि खरखरीत, दगड झालेला. सूक्ष्म शैवालांच्या चिकट स्रावावर चुन्याचे कण अडकतात. मॉस खालून गाडलं जातं आणि वरून वाढत राहतं. या सच्छिद्र दगडाला ट्युफा म्हणतात. सगळं जुळून आलं तर थर वर्षाला साधारण एक सेंटीमीटर चढतो. कोझ्याक हे सर्वांत मोठं तळं मुळात दोन होती. खालचा बांध वाढला, पाणी चढलं आणि मधला बांध बुडाला.

इथे पोहायला बंदी आहे आणि त्यावर पर्यटक कुरकुरतात. पण ताजा ट्युफा ठिसूळ असतो, पायाखाली सहज मोडतो. शिवाय पाण्यात सेंद्रिय घाण वाढली तर चुना बसणंच मंदावतं.

गर्दी होते ती ७८ मीटर उंचीच्या ‘वेलिकी स्लाप’पाशी. तो देखणा आहे, वादच नाही. पण तो तळ्यांच्या माळेतला नव्हे; प्लिटवित्सा नावाचा ओढा बाजूच्या कड्यावरून तिथे उडी घेतो. बांधकाम चालू असलेलं बघायचं तर वरच्या तळ्यांमधल्या, फोटोत फारसे न येणाऱ्या बुटक्या धबधब्यांपाशी जास्त वेळ काढावा.