संडासाचा गॅस आणि शेजाऱ्यांचा चहा

पाच माणसांच्या घराचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहापाणी भागवायला दिवसाला १.२५ ते १.५ घनमीटर बायोगॅस लागतो. त्याच पाच माणसांचा संडास बायोगॅसच्या टाकीला जोडला, तर त्यातून मिळणारा गॅस फार तर ०.१५ घनमीटर. म्हणजे गरजेचा दहावा हिस्सा. बाकी सगळा भार गोठ्यातल्या शेणावर. तरी गल्लीत चर्चा होते ती या दहाव्या हिश्श्याचीच. ‘त्यांच्याकडं चहा कशावर उकळतात, ठाऊक आहे ना?’ घरचं इंधन, घरचं खत आणि घरच्याच मैल्याची विल्हेवाट घरीच लावणाऱ्या कुटुंबांना महाराष्ट्रातल्या गावांनी कसं पाहिलं, हे समजून घ्यायचं तर या प्रश्नाच्या मागं जावं लागतं.

मुंबईत मैल्याचा गॅस शेणाच्या गॅसच्या बराच आधी आला. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीवर गॅस गोळा करायची सोय केलेली होती. पण ती वस्तीच समाजानं बाहेर काढलेल्यांची. तिथं नाक मुरडायला शेजार नव्हता. शेणावरचे पद्धतशीर प्रयोग १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हा नमुना बसवला: जमिनीत विटांची गोल विहीर, तीत शेण-पाण्याचा काला आणि वर पालथी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. साठच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगानं हाच नमुना देशभर नेला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्याला जोर आला आणि १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आपल्याकडं ती जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत गावागावांत पोचली.

शेणाच्या गॅसला सोवळ्याची अडचण कधीच आली नाही. ज्या शेणानं देवघरापुढची जमीन सारवायची, त्याच्या गॅसवर नैवेद्याचा भात शिजला तर कुणाचं काय बिघडतं? भांडण निघालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून, आणि योजनेच्या कागदांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीला रोज ५० किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. तेवढी दावण ज्याच्याकडं, तो गावातला बरा शेतकरी. त्याच्या गोठ्याबाहेरचं, वाटेवरचं, पाणवठ्यावरचं शेण तोवर ज्या बायका पाटीत गोळा करून शेणी थापत, त्यांत बहुतेक भूमिहीन घरातल्या. टाकी बसली की शेणाला मोल आलं आणि पाटी रिकामी परतू लागली. मालकाच्या घरचा धूर गेला. शेजारच्या झोपडीत मात्र आता शेणीऐवजी काटक्या, तुऱ्हाट्या आणि पाचट जळू लागलं. स्वावलंबनाचं कौतुक करणाऱ्यांनी ही बाजू फारशी मोजली नाही. ‘स्वतःचं बघणारा माणूस’ अशी जी कुजबुज व्हायची, ती सगळीच मत्सरापोटी नव्हती.

संडासाची गोष्ट वेगळी, कारण तिच्या मुळाशी जात आहे. मैल्याला हात लावणं हे एका जातीच्या माथी मारलेलं काम होतं. ते स्वतः करणं म्हणजे आपण होऊन खाली उतरणं, असंच गाव मानत असे. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितलं, ते नाकारल्यावर उपोषण धरलं, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. पुढं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी सोपे, स्वस्त संडास, मेलेल्या जनावरांचं चामडं कमावणं, मैल्यापासूनचं सोनखत आणि गोबरगॅस हे सगळं एकाच धाग्यात बांधलं. त्यांच्या लेखी हा इंधनाचा प्रश्न नव्हताच. मैला घाण म्हणून कुणाच्या डोक्यावर द्यायचा की खत म्हणून आपल्या शेतात घालायचा, एवढाच सवाल होता.

देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी गावच्या दवाखान्यात काम करता करता हाच प्रश्न आरोग्याच्या अंगानं हाताळला. अनेक वर्षांच्या खटपटीतून त्यांनी केवळ मानवी मैल्यावर चालणारा ‘मलप्रभा’ हा संयंत्राचा नमुना तयार केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. निव्वळ मैल्याचं संयंत्र वसतिगृहाला, आश्रमशाळेला, शे-दोनशे माणसं वापरतात अशा सार्वजनिक संडासाला परवडतं. एका घराला शेणाची जोड हवीच. मैल्यात नत्राचं प्रमाण फार, कर्बाचं कमी. शेणात हे गणित बरोबर बसलेलं असतं. एकत्र केले की दोन्ही नीट कुजतात.

आता जोडणीकडं वळू, कारण शेजाऱ्यांची मतं बरीचशी इथंच तयार होतात.

संडासाचा मैला उताराच्या जोरावर टाकीत गेला पाहिजे, म्हणून भांड्याची पातळी शेणकाल्याच्या वरच्या पातळीपेक्षा उंच ठेवावी लागते. त्यामुळं असा संडास जोत्यावर चढतो, त्याला तीन-चार पायऱ्या येतात आणि घरातलं कोण केव्हा आत गेलं ते अख्ख्या आळीला दिसतं. बायकांची पहिली तक्रार गॅसबद्दल नसते, या पायऱ्यांबद्दल असते. दार रस्त्याकडं न ठेवता गोठ्याकडं वळवलं आणि पुढं आडभिंत घातली की ती मिटते; पण गवंडी सोयीचं दार काढून मोकळा होतो. चार इंची पाइप भांड्यापासून सरळ, वळण न घेता टाकीत न्यायचा आणि त्याचं तोंड काल्यात बुडलेलं ठेवायचं. तोंड उघडं राहिलं तर गॅस उलटा संडासात शिरतो. भांडं तीव्र उताराचं आणि कोंबडा, म्हणजे भांड्याखालचा पाणी अडवून धरणारा बाक, २० मिलिमीटर पाणी धरणारा असावा, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात मैला जातो.

पाण्याचा हिशेब चुकला की सगळं चुकतं. ५० किलो शेणात ५० लिटर पाणी मिळून रोज १०० लिटर काला टाकीत पडतो. टाकीत चार हजार लिटर मावत असेल, तर घातलेला काला ४० दिवस आत राहतो आणि नीट कुजून बाहेर पडतो. संडासाला फ्लशची टाकी बसवली आणि दिवसभरात आणखी १०० लिटर पाणी आत गेलं, की मुक्काम २० दिवसांवर येतो. मग काला मळी होऊन बाहेर येतो तो अर्धवट कुजलेला, गॅस घटतो आणि वास सुटतो. न्हाणीचं पाणी त्याच पाइपाला जोडणं ही तर नेहमीची घोडचूक. साबण टाकीतल्या जिवाणूंना मारक. फिनेल आणि संडास धुवायचं ॲसिडही तसंच: एकदा भरपूर ओतलं की दोन-तीन दिवसांत शेगडीची आच पडलीच म्हणून समजा. भांडं ब्रश आणि राखेनं घासायचं. संडासाचं पाणी बादलीनं ओतत असाल, तर तेवढं शेण कालवायच्या पाण्यातून वजा करायचं.

पहिल्या भरणीला या टाकीत दोन टन शेण आणि तितकंच पाणी लागतं. दोन-तीन आठवड्यांत गॅस धरतो, पण पहिला साठा पेटत नाही. त्यात कर्बवायूच जास्त. तो सोडून द्यायचा असतो. हे सांगायला कुणी नसलं, की घरमालक हौसेनं चार माणसं बोलावतो, काडी ओढतो आणि ज्योत लागत नाही. ‘पैसे मातीत गेले’ ही बातमी वेशीपर्यंत पोचायला तेवढं पुरतं. ज्योत फडफडून विझत असेल, तर पाइपात पाणी साठलेलं असतं. गॅसबरोबर वाफ येते आणि ती थंड झाली की सखल भागात साचते. पाइपाला एका बाजूला उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवला की काम होतं. थंडीत देशावर गॅस कमी पडतो, कारण जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. अशा वेळी काला कोमट पाण्यात कालवतात. कोकणात हा त्रास जाणवत नाही.

लोखंडी टाकीच्या काळात चालू काय, बंद काय हे झाकून राहत नसे. टाकी फुटभर वर आली की घरात गॅस आहे, गंजून तिरकी रुतली की घरमालकाची फजिती. टाकीला दरवर्षी रंग द्यावा लागतो आणि काल्यावरची साय मोडायला ती रोज थोडी फिरवावी लागते. दोन्ही कामं दोन वर्षांत मागं पडतात. १९७८ मध्ये लखनौहून ‘जनता’ आणि १९८४ मध्ये ‘ॲफप्रो’ या संस्थेकडून ‘दीनबंधू’ हे बांधीव घुमटाचे नमुने आले. त्यांत लोखंड नाही, सगळं जमिनीखाली, वर अंगण मोकळं. शेजाऱ्यांच्या नजरेतून संयंत्रच नाहीसं झालं! याचा एक तोटा झाला: घुमटाच्या गिलाव्याला केसाएवढी चीर पडली तरी गॅस गुपचूप निघून जातो आणि वर काहीच दिसत नाही. गिलाव्याच्या थरांत आणि आतल्या रंगात सिमेंटची काटकसर केलेली संयंत्रं पहिल्या उन्हाळ्यातच बंद पडली. एका गल्लीत असं एक बंद संयंत्र असलं की पुढची दहा वर्षं तिथं दुसरं होत नाही. विटाळाच्या कल्पनेनं जेवढं अडवलं नसेल तेवढं अशा बांधकामानं अडवलं, असं आमचं मत आहे.

स्वयंपाकघरात तडजोडी निघाल्या. कुठं सणाचा नैवेद्य चुलीवर आणि रोजचं गॅसवर. कुठं सासूबाईंचं जेवण वेगळ्या स्टोव्हवर. पुष्कळ घरांनी संडास जोडला, पण बाहेर सांगताना नुसतं ‘गोबरगॅस’ एवढंच सांगितलं. जळताना गॅसचा वास जातो, ज्योत निळी राहते, भांडं काळं होत नाही, आणि मैल्यातला कुठलाही अंश पाइपातून शेगडीपर्यंत येत नाही. हे आरोग्यसेवकांनी कितीदा समजावलं तरी उपयोग बेताचाच. नजर बदलली ती दुसऱ्याच कारणानं. ऐंशीच्या दशकात सिलिंडरच्या जोडणीसाठी तालुक्याच्या ठिकाणीही वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. तेव्हा खेड्यातल्या सुनेला माहेरच्या पाहुण्यांपुढं बटण फिरवून चहा करता येई, ही प्रतिष्ठेची बाब झाली. मुलगी देताना ‘घरात गॅस आहे का’ विचारणाऱ्यांनी तो कुठून येतो हे विचारायचं सोडून दिलं. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि संडासाची जोडणी गुण मिळवून देणारी गोष्ट ठरली; स्पर्धेतल्या गावांनी अशा संडासांच्या भिंती रंगवून पाहुण्यांना दाखवल्या. कोल्हापूर जिल्हा पुढं राहिला तो मात्र केवळ बक्षिसांमुळं नाही. तिथं दूधधंद्यामुळं दारात म्हशी होत्याच, आणि बांधलेल्या म्हशीचं शेण वाया जात नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या भगीरथ प्रतिष्ठानानं प्रशिक्षित गवंडी आणि नंतरची देखभाल यांवर भर दिला, तिथंही संयंत्रं टिकली.

मळीबद्दलचा आक्षेप अजून पुरता गेलेला नाही. मळी बाहेर पडते त्या तोंडावर फरशी नसली तर डास होतात आणि खड्डा पावसाळ्यात भरून शेजाऱ्याच्या अंगणात वाहतो. ही तक्रार रास्त आहे. उपाय सोपा: दोन खड्डे, आळीपाळीनं वापरायचे, तळाला पालापाचोळा आणि मळीच्या प्रत्येक थरावर वीतभर सुका कचरा. पाणी शोषलं जातं, आणि चार-सहा महिन्यांनी पाटीत भरून नेता येईल असं भुसभुशीत खत निघतं. संडास जोडलेला असेल तर ओली मळी मेथी, कोथिंबीर, मुळा यांना घालू नये. जंताची अंडी फार चिवट असतात. ऊस, केळी, हत्तीघास यांना चालते. पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर ठेवावं. हे खत विकत न्यायला येणारा पहिला गिऱ्हाईक बहुधा तोच शेजारी असतो.

शहरातली आवृत्ती वेगळ्या वाटेनं आली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं प्लास्टिकच्या दोन पाणीटाक्या एकात एक पालथ्या घालून खरकट्यावर चालणारं संयंत्र केलं. २००६ मध्ये त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. इथं शेजाऱ्यांची हरकत वासाची आणि सोसायटीच्या गच्चीची. वास येतो तो हावरेपणानं भरल्यामुळं: लग्नाचं उरलेलं जेवण एका दिवसात ओतलं की टाकी आंबट होते, गॅस थांबतो. चार-पाच दिवस भरणं बंद ठेवून थोडी चुन्याची निवळी आणि बादलीभर शेणकाला घातला की ती परत लागते.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर दारात आला आणि गावातली अनेक संयंत्रं विस्मरणात गेली. पूर्ण भरणीवर दोन घनमीटरची टाकी महिन्याला सुमारे २५ किलो सिलिंडर-गॅसचं काम करते, म्हणजे १४.२ किलोच्या पावणेदोन सिलिंडरांचं. भाव चढले की लोकांना हे गणित आठवतं आणि बंद टाकी उघडायचा विचार होतो. गाळ उपसायला मात्र लगेच आत उतरू नये. झाकण आणि दोन्ही तोंडं उघडून काही दिवस हवा खेळू द्यावी, काला वरूनच बादलीनं किंवा पंपानं काढावा, जवळ विडी पेटवू नये. उतरणं टळतच नसेल तर कमरेला दोर बांधलेला माणूस आणि वर दोर धरणारे दोघं हवेतच. आतला वायू डोक्यात जायला मिनिटही लागत नाही, आणि वाचवायला मागोमाग उडी मारणाराही वर येत नाही.