घन अवस्था भौतिकी परिसंवाद (अणुऊर्जा विभाग)

घन अवस्था भौतिकी परिसंवाद : स्फटिक, धातू इत्यादी घन पदार्थांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या भौतिकीच्या शाखेवर, भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या आश्रयाने साधारणतः दर डिसेंबरात भरणारी संशोधकांची राष्ट्रीय परिषद. अर्थसाहाय्य बोर्ड ऑफ रिसर्च इन न्यूक्लिअर सायन्सेस या मंडळाचे, संयोजनाचा मुख्य भार मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रावर आणि यजमानपद बहुधा एखाद्या विद्यापीठाकडे, अशी तिची घडण आहे. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेल्या संस्थानी राजधान्यांपैकी ग्वाल्हेर (२००३) आणि बडोदे (२००९) येथे तिची अधिवेशने झाली. इंदूरचा संबंध निराळ्या मार्गाने आला.

आरंभकाल : या मालिकेचा आरंभ नेमका केव्हाचा मानावा, याविषयी तिच्या स्वतःच्या क्रमांकांतच मेळ नाही. सुवर्णमहोत्सवी म्हणजे पन्नासावे अधिवेशन २००५ मध्ये मुंबईत झाले. बडोद्याचे २००९ चे अधिवेशन चोपन्नावे, तर नोएडाचे २०१५ चे साठावे. दरवर्षी एक या हिशेबाने मागे गेले, की पहिले अधिवेशन १९५६ मध्ये येते. कार्यवृत्तांच्या (अधिवेशनातील निबंधांच्या छापील संग्रहांच्या) जुन्या खंडांवरचे आकडे मात्र वेगळे सांगतात. पुण्याच्या १९७७ च्या अधिवेशनाचा खंड विसावा आहे, १९९७ चा चाळिसावा आणि ग्वाल्हेरचा २००३ चा सेहेचाळिसावा. हाच हिशेब मागे नेला तर पहिला खंड १९५८ चा ठरतो. २००३ ते २००५ या दोन वर्षांत क्रमांक दोनाऐवजी चारांनी पुढे सरकला, हे यातून उघड होते. अणुकेंद्रीय भौतिकीच्या भगिनी-परिसंवादातही याच सुमारास अशीच उडी दिसते. त्यामुळे ही एखाद्या संपादकाची नजरचूक म्हणता येणार नाही. दोन्ही मालिकांसाठी मोजणीचा पाया जाणीवपूर्वक बदलला गेला असावा.

याचा उलगडा दोन प्रकारे करता येतो. एक असा, की अगदी सुरुवातीच्या बैठकांचे क्रमांकित खंड निघाले नसावेत. खंडांची मोजणी १९५८ पासून झाली आणि सुवर्णमहोत्सवाच्या वेळी खंडांऐवजी अधिवेशने मोजली गेली. दुसरा असा, की अणुऊर्जा विभागाची स्थापना १९५४ ची असल्याने विभागाच्या पन्नाशीजवळ परिसंवादाचीही पन्नाशी आणली गेली. पहिला उलगडा अधिक संभवनीय वाटतो. भाभा केंद्र जेथे आहे त्या तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली आणि न्यूट्रॉनांवर आधारलेल्या प्रयोगांना देशात त्यानंतरच पाया मिळाला. अशा वर्षी संशोधकांनी एकत्र बसण्याची निकड निर्माण होणे स्वाभाविक होते. तरीही १९५६–५८ असा कालखंड देणे हेच सुरक्षित होय.

संयुक्त पर्व : प्रारंभीची काही दशके हा परिसंवाद ‘अणुकेंद्रीय भौतिकी व घन अवस्था भौतिकी’ अशा जोडनावाने भरत असे. आजच्या विद्यार्थ्याला ही जोडी विजोड वाटते, कारण अणुकेंद्राचा अभ्यास आणि स्फटिकाचा अभ्यास यांचे विभाग, प्रयोगशाळा आणि नियतकालिकेही आता वेगळी आहेत. त्या काळी दोन्हींची साधने एकच होती. अणुभट्टीतून निघणारा मंदगती न्यूट्रॉन अणुकेंद्रावर आदळला तर तो अणुकेंद्रीय भौतिकीचा विषय. तोच स्फटिकातून प्रकीर्ण झाला (विखुरला) तर अणूंची मांडणी आणि त्यांची कंपने उघड करतो. भारतीय भौतिकीविज्ञ पी. के. अय्यंगार यांनी कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांच्यासह जर्मेनियमच्या स्फटिकातील कंपनांवर केलेले काम याच जातीचे होते. ब्रॉकहाऊस यांना न्यूट्रॉन वर्णपटविज्ञानासाठी १९९४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात परतल्यावर अय्यंगार यांनी तुर्भ्यात न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा जो गट उभा केला, त्याने या परिसंवादाला दीर्घकाळ वळण दिले. अप्सरेचे न्यूट्रॉन अशा कामाला अपुरे पडत. १९६० ची ४० मेगावॉटची ‘सायरस’ आणि १९८५ ची १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ या अणुभट्ट्यांनी ती उणीव भरून काढली.

१९५८ मध्ये लागलेला मॉसबाउअर परिणामाचा (घन पदार्थातील अणुकेंद्रांनी धक्का न बसता गॅमा किरण सोडण्याचा व शोषण्याचा) शोध आणि अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांचा रेडिओ लहरींना मिळणारा प्रतिसाद) यांनीही हाच सांधा बळकट केला. दोन्ही तंत्रांत मोजमाप अणुकेंद्राचे होते, पण माहिती मिळते ती त्याच्या भोवतालच्या घन पदार्थाची. हे लक्षात घेतले नाही तर परिसंवादाच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा अर्थच लागत नाही. संयुक्त काळात कार्यवृत्ताचे भाग रोमन अक्षरांनी ओळखले जात. ‘बी’ अणुकेंद्रीय भौतिकीचा आणि ‘सी’ घन अवस्थेचा. पुढे दोन्ही परिसंवाद वेगळे झाले, तरी घन अवस्थेच्या खंडावरचा ‘सी’ टिकून राहिला. १९९७ चा खंड ‘४०-सी’ याच नावाने उद्धृत होतो.

अतिसंवाहकतेनंतर : १९८६–८७ मध्ये तुलनेने उच्च तापमानाला अतिसंवाहक होणारी, म्हणजे विजेला मुळीच रोध न करणारी, तांब्याची ऑक्साइडे सापडली आणि विद्यापीठांचा परिसंवादातील वाटा पालटला. यट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड सुमारे ९३ केल्व्हिनला अतिसंवाहक होते, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्व्हिनच्या वर. तोवर अशा प्रयोगाला द्रवरूप हेलियम लागे आणि ते मोजक्याच संस्थांत मिळे. आता ऑक्साइडे व कार्बोनेटे तोलून अगेट या कठीण दगडाच्या खलात तासन् तास घोटायची, भट्टीत ९०० अंश सेल्सियसच्या वर भाजायची, पुन्हा घोटून वड्या दाबायच्या आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश निववायच्या, एवढ्यावर नमुना तयार होऊ लागला. ऑक्सिजनचे प्रमाण बरेच उणे राहिले तर तीच वडी अतिसंवाहक होत नाही. साध्या नळीभट्टीवर एम्. एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही जगातल्या ताज्या प्रश्नाला हात घालता आला, ही या विषयाच्या भारतीय इतिहासातील मोठी गोष्ट आहे.

तरीही न्यूट्रॉन, आयनशलाका किंवा अतिनीच तापमान यांसाठी विद्यापीठांना मोठ्या यंत्रांची गरज उरतेच. ती भागवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून उभारलेल्या आंतरविद्यापीठ संस्थेचे मुख्यालय इंदूरला, खंडवा रस्त्यावरील देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आवारात आहे. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्च हे तिचे सध्याचे नाव. ध्रुव अणुभट्टी, कोलकात्याचे सायक्लोट्रॉन (आयनांना वेग देणारे यंत्र) आणि इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-१’ (४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) व ‘इंडस-२’ (२.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट) हे सिंक्रोट्रॉन (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरणांसारखे प्रखर प्रारण देणारी यंत्रे) यांची दारे तिने प्राध्यापकांना खुली केली. माळव्यातून आणि गुजरातेतून परिसंवादाला निबंध येतात त्यामागे ही व्यवस्था आहे, हे नोंदवणे अगत्याचे आहे.

ग्वाल्हेर व बडोदे : ग्वाल्हेरचे अधिवेशन १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जिवाजी विश्वविद्यालयात भरले.

बडोद्याचे अधिवेशन १४ ते १८ डिसेंबर २००९ या काळात महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात झाले. विद्यापीठाच्या स्थापनेला (१९४९) त्या वर्षी साठ वर्षे झाली होती. त्याचे मूळ असलेले बडोदे महाविद्यालय मात्र १८८१ चे. दांडिया बाजार-रावपुऱ्यातील मराठी घरांच्या पिढ्या याच संस्थेत विज्ञान शिकल्या. राष्ट्रीय विज्ञानसभा या शहराला नव्या नव्हत्या. भारतीय विज्ञान काँग्रेसची अधिवेशने येथे १९४२, १९५५ आणि १९९२ मध्ये झाली होती. त्यांचे अध्यक्ष अनुक्रमे भूवैज्ञानिक दा. नौ. वाडिया, आयनांबराचे (वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थराचे) अभ्यासक शिशिरकुमार मित्र आणि वसंतराव गोवारीकर हे होते. पण विज्ञान काँग्रेस सर्व शास्त्रांची आणि बऱ्याच अंशी समारंभाची. घन अवस्थेचा परिसंवाद एकाच विषयाला वाहिलेला, आणि त्यात ज्येष्ठांच्या निमंत्रित व्याख्यानांइतकेच महत्त्व संशोधक विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकांना असते. गुजरातच्या विद्यापीठांत स्यूडोपोटेन्शियल पद्धतीने (अणूच्या गाभ्याचा परिणाम सोप्या गणिती रूपात धरून) धातू व मिश्रधातूंचे गुणधर्म गणिताने काढण्याची परंपरा रुजलेली आहे. संगणकाच्या वेळेपलीकडे फारसा खर्च नसलेल्या अशा कामाला हा परिसंवाद हक्काचे व्यासपीठ ठरला. २००८ मध्ये लोहयुक्त अतिसंवाहक सापडल्यामुळे बडोद्याच्या वर्षी अतिसंवाहकतेचा विषय पुन्हा ताजा झाला होता.

निबंधाचे स्वरूप : परिसंवादाची ओळख ज्यामुळे दीर्घकाळ ठरली तो दोन पानांचा निबंध. शीर्षक, सारांश, नमुना कसा बनवला, क्ष-किरण विवर्तनाचा (पदार्थाची स्फटिकरचना ओळखवणारा) आलेख, एक-दोन मोजमापे, निष्कर्ष आणि संदर्भ, सगळे दोन स्तंभांच्या दोन पानांत. पीएच्. डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या असंख्य विद्यार्थ्यांचे छापून आलेले पहिले लिखाण हेच असे. एवढ्या आखूड लेखनाला शोधनिबंध म्हणावे का, असा आक्षेप घेतला जाई. पण आलेखातील एखादे अनोळखी शिखर (नमुन्यातील भेसळीची खूण) लपवायला येथे जागा नसे आणि भित्तिपत्रकासमोर उभा असलेला परका प्राध्यापक नेमके त्याच शिखराबद्दल विचारी. या शिस्तीचे मोल आक्षेपापेक्षा जास्त आहे.

बडोद्यापर्यंतचे खंड देशातच निघत. मणिपालच्या पंचावन्नाव्या अधिवेशनापासून (२०१०) कार्यवृत्त अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सच्या परिषद-मालिकेत प्रसिद्ध होऊ लागले. त्यामुळे निबंध जगभर सापडू लागले, पण त्याआधीचे जाडजूड खंड विद्यापीठांच्या ग्रंथालयांतच राहिले. त्यानंतरची अधिवेशने कट्टनकुलत्तूर, मुंबई, पतियाळा, वेल्लोर, नोएडा, भुवनेश्वर, पुन्हा मुंबई आणि हिस्सार अशी फिरली. जोधपूरचे चौसष्टावे अधिवेशन २०१९ मध्ये झाले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे खंड पडला आणि पासष्टावे २०२१ मध्ये भरले. तेव्हापासून १९५६ चा सरळ हिशेबही एका वर्षाने मागे पडला आहे.