मतदान केंद्रावर पोलीस धरतात?

'पार्किंगचा दंड थकला असेल तर मतदानाला जाऊ नका, साध्या वेशातले पोलीस धरतील.' 2008मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात अशी पत्रकं फिरली. धादांत खोटी!

हे शहर ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाच्या निवडणूक कायद्यानुसार पोलिसाला, वर्दीत असो वा साध्या कपड्यांत, केंद्राच्या 100 फुटांच्या आत थांबता येत नाही. स्वतःचं मत द्यायचं असेल, शांतता राखायला बोलावलं असेल किंवा वॉरंट बजावायचं असेल, तर गोष्ट वेगळी. (बहुधा या वॉरंटवरूनच अफवेला पाय फुटले.) पण टेबलावरचा कर्मचारी यादीत नाव शोधतो, सही घेतो, दंडाच्या पावत्या त्याच्यासमोर नसतातच. आपल्याला केंद्राच्या दारात पोलीस बघायची सवय, म्हणून हे नवल वाटतं. कॅलिफोर्नियात तर निवडणूक अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय केंद्राजवळ वर्दीतला पोलीस तैनात करणं हाच गुन्हा आहे.