भात परत गरम केला म्हणून विष जात नाही

पाऊस लागला की रविवारी बेळगावातनं गाड्या निघतात, कुणी आंबोलीला, कुणी जांबोटी-चोर्ल्याकडं, कुणी गोकाकचा धबधबा बघायला, आणि निम्म्या गाड्यांत पहाटे उठून केलेल्या चित्रान्नाचा नाहीतर मसालेभाताचा मोठा डबा असतोच. दुपारी 2 ला तो उघडताना कुणीतरी म्हणतंच, "गॅस आणलाय की, गरम करून घेऊया, जंतू असले तर मरतील." जंतू मरतील, पण उलट्यांचा त्रास होतो तो त्यांतल्या एका जंतूनं आधीच भातात सोडून ठेवलेल्या विषामुळं.

बॅसिलस सिरियस नावाचा हा जंतू मातीत राहतो, शेतातनं तांदळावर येतो. अडचण आली की तो बीजाणू बनवतो, म्हणजे जाड कवचाचं झोपलेलं रूप, आणि उकळत्या पाण्यात भात शिजला तरी त्यातले बरेच जगतात. उलट त्या उष्णतेनं ते जागे होतात आणि शेजारचे बाकीचे जंतू मेलेले असतात, त्यामुळं सगळा भात यांनाच मोकळा. 5 ते 60 डिग्री सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. कोमट भातात अर्ध्या तासाला दुप्पट धरलं तरी 5 तासांत एकाचे हजारावर होतात, आणि झाकून, टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या मोठ्या डब्याचा मधला भाग तासन् तास कोमटच राहतो.

वाढता वाढता हे जंतू सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हे. त्याचा रेणू म्हणजे 12 तुकड्यांचं बंद कडं. टोकच नाही, त्यामुळं पोटातल्या पाचकरसांना ते तोडता येत नाही, आणि 121 डिग्रीला 90 मिनिटं ठेवलं तरी टिकतं, मग गॅसवरची 5 मिनिटं काय करणार. कड्याच्या आत पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, नेमका बसतो आणि बाहेरची बाजू तेलकट, म्हणून ते पोटॅशियम घेऊन पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, पडद्यातनं आरपार जातं, त्या पडद्यावरचा विद्युत्दाब बिघडतो आणि ऊर्जा तयार होणं थांबतं. उलटी मात्र वेगळ्या वाटेनं होते, हे विष सेरोटोनिन या निरोप नेणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर चेतवतं, पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमधनं मेंदूला निरोप जातो आणि खाल्ल्यापासून अर्ध्या ते 6 तासांत उलट्या सुरू.

अशा वेळी आमच्या भागात धबधब्याजवळची बाधा झाली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. उलट्या बहुतेक वेळा 24 तासांच्या आत आपणहून थांबतात, म्हणून दृष्ट लागू पडली असं वाटतं, आणि त्या नादात लहान पोराला ओआरएस द्यायचं राहून जातं याचा मला खरंच राग येतो. पोरगं सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर सरळ दवाखाना गाठायचा.

जुनी शिदोरी मात्र विचार करण्यासारखी आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणीत जंतूंना वाढायला पुरेसं पाणीच नसतं. चांगल्या आंबट दह्यात कालवलेल्या दहीभातात आम्लामुळं हा जंतू नीट वाढत नाही, पण दुपारपर्यंत आंबट होऊ नये म्हणून आपण त्यात भरपूर दूध घालतो ना, तिथं ते संरक्षण जातं. भातच न्यायचा असेल तर निघायच्या अगदी आधी करून वाफाळता असतानाच चांगल्या हॉटपॉटमधे भरा आणि 2 तासांच्या आत खा, नाहीतर तांदूळ न्या आणि तिथंच शिजवा, गॅस नेलेला असतोच की.